म्हातारीला काय पचतं? एम-वन गॅरंडसाठी घरी काडतुसं भरताना

लेक_इरीकर | शनिवार, रात्री ९:१२

मागच्या हिवाळ्यात पुण्याच्या मावसभावाचा फोन आला. काय चाललंय म्हणाला, मी म्हटलं, तळघरात बसून काडतुसं भरतोय. पलीकडे एकदम शांतता. मग हळूच, "सगळं ठीक आहे ना रे?"

म्हणून आधीच सांगून टाकतो. मी ओहायोत राहतो, आता इथला नागरिक आहे. इथल्या फेडरल कायद्याप्रमाणे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं घरी भरायला परवाना लागत नाही. विकायची तर लागतो. भारतातून वाचणाऱ्यांनी यातलं काहीही करून बघू नये. तिथे शस्त्र अधिनियम १९५९ चं कलम ५ आहे आणि दारूगोळा बनवण्याला ते सरळ लागू होतं.

तर रायफल. एम-वन गॅरंड, स्प्रिंगफील्ड आर्मरीची, क्रमांकावरून १९४३ सालची. नागरिकत्वाची शपथ घेतल्यावर चार महिन्यांनी सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमकडे अर्ज केला. जुन्या लष्करी रायफली नागरिकांना विकणारी ही संस्था आहे. नेमबाजी क्लबाचं सदस्यत्व, नागरिकत्वाचा पुरावा, सगळी कागदपत्रं रीतसर लागतात. रायफल आली ती साडेनऊ पौंडांची, अक्रोडाच्या दस्त्यावर कुणाकुणाच्या हाताचे डाग. घरात तिचं नाव पडलं "म्हातारी". माझ्या आईपेक्षा ती सहा वर्षांनी मोठी आहे.

जॉन गॅरंड मूळचा कॅनडातल्या क्युबेकचा. त्याची ही रायफल अमेरिकी सैन्याने १९३६ साली स्वीकारली. त्या काळी बाकी बहुतेक सैन्यांचा शिपाई दर गोळीनंतर हाताने बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) मागे ओढत होता; ही स्वतःच पुंगळी (काडतुसाचं रिकामं पितळी आवरण) फेकते, पुढचं काडतूस घेते, आठ वेळा. गंमत म्हणजे सुरुवातीला ती लहान काडतुसासाठी, पॉइंट २७६ साठी (हा नळीच्या भोकाचा आकडा, इंचात) घडत होती. १९३२ मध्ये लष्करप्रमुख डग्लस मॅकआर्थर यांनी पॉइंट ३० च सोडायचं नाही असा निर्णय दिला, कारण ३०-०६ काडतुसांचे साठे गोदामांत पडून होते. म्हणजे १९०६ सालचं काडतूस आणि १९३६ सालची रायफल यांचं लग्न गोदामातल्या मालाने ठरवलं. आज मी तळघरात त्याच लग्नाचा संसार सांभाळतोय.

मुद्द्यावर येतो. बोल्ट-अॅक्शन रायफलला काडतूस भरताना आपण नेमबाजाचा विचार करतो: नेम कसा लागेल, धक्का किती बसेल. गॅरंडला भरताना आधी यंत्राचा विचार करावा लागतो. नळीच्या टोकापासून साधारण दीड इंचावर खालच्या बाजूला एक बारीक भोक आहे. गोळी तिथून पुढे गेली की मागचा तप्त वायू त्या भोकातून खालच्या सिलिंडरमध्ये शिरतो आणि लांबलचक ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. रॉड बोल्ट फिरवतो, उघडतो, पुंगळी बाहेर. हे सगळं एका ठरावीक काडतुसाच्या हिशेबाने जुळवलेलं आहे: साधारण १५० ते १७५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं जुनं माप) गोळी आणि मध्यम वेगाने जळणारी पावडर.

आता कुणी दुकानातून शिकारीसाठीची हळू जळणारी पावडर आणली आणि २०० ग्रेनची जड गोळी बसवली, तर खोलीतला म्हणजे चेंबरमधला दाब अगदी नियमात असूनही त्या भोकापाशी दाब जास्त उरतो. रॉडला लाथ बसल्यासारखा झटका. एकदोनदा चालेल, मग रॉड वाकेल. तो रॉड मुळातच वाकडातिकडा, नळीच्या कडेने वळसा घेत गेलेला आहे, त्याची बदली स्वस्त नाही. म्हणून ४८९५ किंवा ४०६४ या पावडरी. ४८९५ तर या काडतुसाच्याच संसारातली. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन नावाच्या गृहस्थाने सरकारचा उरलेला ४८९५ चा साठा विकत घेऊन आपला पावडरीचा धंदा सुरू केला, आणि घरी काडतुसं भरणाऱ्यांची एक पिढीच त्यावर वाढली.

माझी पद्धत थोडक्यात. पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, जुना प्रायमर (बुडातली, पावडर पेटवणारी टिकली) काढायचा, डायमधून (पोलादी साच्यातून) दाबून पूर्ण मापात आणायच्या, लांबी २.४९४ इंचाच्या वर गेली असेल तर कापून २.४८४ करायची, नवा प्रायमर, तोललेली पावडर, गोळी, आणि पूर्ण लांबी ३.३४० इंचांच्या आत. एका बैठकीत पन्नासच. आधी शंभर करायचो, ऐंशीनंतर डोकं भरकटतं.

प्रश्न विचारा. पावडरीचं वजन सोडून.

---

भरीत_भाकरी | शनिवार, रात्री १०:०३

"रात्री तळघरात बसून दारू भरतो" हे वाक्य आमच्या नवऱ्याने मला ऐकवलं असतं तर गोष्ट वेगळीच वळली असती 😀

भाबडा प्रश्न: पावडरीचं वजन सोडून का? पाककृती लिहिता आणि मीठ किती ते सांगत नाही?

---

लेक_इरीकर | शनिवार, रात्री १०:३१

मीठ चुकलं तर भाजी खारट होते. इथे चेहरा आणि रायफल यांच्यात चार इंच अंतर असतं.

गंभीरपणे: पुंगळी कुठल्या कारखान्याची, तिची आतली जागा किती, गोळी कुठली, प्रायमर कुठला, यावर आकडा बदलतो. लष्करी पुंगळी जाड असेल तर आत जागा कमी, तेवढ्याच पावडरीला दाब जास्त. पावडर आणि गोळ्या बनवणारे छापील पुस्तिका काढतात, काहींत गॅरंडसाठी वेगळं पान असतं. ते वेगळं पान बघायचं, नुसतं ३०-०६ चं नाही, आणि तिथल्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची. आंतरजालावरच्या कुणा "लेक_इरीकर"चा आकडा घ्यायचा नाही. तो एक टंकून बसला आणि बोट घसरलं तर?

---

फौजी_मायणी | रविवार, सकाळी ६:४८

जय हिंद. निवृत्त हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री. आम्ही एसएलआर वापरली, म्हणजे स्वतःच पुढचं काडतूस घेणारी रायफल, इशापूरच्या कारखान्यातली. ७.६२, वीस गोळ्यांचं मॅगझीन. वजन तुमच्या म्हातारीएवढंच असेल, पळताना कळायचं.

तुमचं वाचून एक आठवलं. एसएलआरला गॅस रेग्युलेटर होता. रायफल नीट चालत नसेल, पुंगळी अडकायला लागली, तर रेग्युलेटर फिरवून वायू कमीजास्त करायचा. उस्ताद आम्हाला शिकवायचे की आधी पूर्ण उघडा आणि मग एक एक खाच बंद करत जा. धूळ, चिखल, थंडी, सगळ्याला तोच इलाज. तुमच्या गॅरंडला तशी सोय नाही का?

दुसरं. आमच्या आधीची पिढी १९६२ ला पॉइंट थ्री-नॉट-थ्री घेऊन वर चढली होती, हाताने बोल्ट ओढायची. माझे चुलते त्यात होते. घरात बसून काडतूस भरायची कल्पना त्यांना सांगितली असती तर हसले असते. आम्हाला तर रेंजवर एक एक रिकामी पुंगळी मोजून परत द्यावी लागायची. एक कमी पडली की सगळी कंपनी गवतात रांगत.

---

लेक_इरीकर | रविवार, सकाळी ८:२०

हवालदार साहेब, नमस्कार. अगदी नेमकं बोललात. मूळ गॅरंडला रेग्युलेटर नाही, जेवढा वायू येईल तेवढा रॉडला बसणार. बाजारात आता पुढच्या टोकाला बसवायचा जुळवता येणारा गॅस प्लग मिळतो, जादा वायू बाहेर सोडणारा. काहीजण तो लावून आधुनिक शिकारी काडतुसं उडवतात. मी लावला नाही. स्पर्धेत "जशी सैन्याला दिली तशी" रायफल लागते, आणि खरं सांगायचं तर मला म्हातारीच्या तोंडात नवे दात बसवायचे नाहीत. तिला पचेल तेच रांधायचं.

रिकाम्या पुंगळ्यांसाठी गवतात मीही रांगतो, फक्त ओरडायला कुणी नसतं. गॅरंड उजवीकडे पुढे फेकते. पुंगळी हरवली की जीव हळहळतो, कारण तीच तर सगळ्यात महाग.

---

वरणगाववाले_काका | रविवार, दुपारी १२:१५

मी आयुध निर्माणी, वरणगावला होतो, पितळी पुंगळ्यांच्या विभागात. नोकरीतलं सगळं लिहिता येणार नाही, पण जे कुठल्याही धातुशास्त्राच्या पुस्तकात सापडेल ते लिहितो.

काडतुसाचं पितळ म्हणजे ७० भाग तांबं, ३० भाग जस्त. पितळाचा एक छोटा कप घेतात आणि टप्प्याटप्प्याने ओढून लांब करतात. प्रत्येक ओढीला पितळ कडक होतं, मग भट्टीत तापवून मऊ करायचं, पुन्हा ओढायचं. बूड कडक हवं, तोंड मऊ हवं. बूड मऊ राहिलं तर दाबाने पसरेल, तोंड कडक राहिलं तर काही वर्षांनी आपोआप तडकेल. म्हणून शेवटी फक्त तोंड तापवतात. लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर निळसर-तपकिरी डाग दिसतो तो त्याचाच. नागरी बाजारातल्या मालावर तो घासून काढतात, दिसायला चांगलं म्हणून. लष्कर ठेवतं, कारण तो डाग म्हणजे काम झाल्याचा पुरावा.

इरीकर, तुम्ही एकच पुंगळी पुन्हा पुन्हा दाबता म्हणजे दर वेळी ती कडक करता. हे ध्यानात आहे ना?

आणि धुता कशाने?

---

लेक_इरीकर | रविवार, दुपारी १:०२

काका, ध्यानात आहे, आणि ध्यानात नव्हतं तेव्हा काय झालं तेही लिहितो पुढे.

धुण्याचं म्हणाल तर गरम पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब आणि चिमूटभर लिंबूसत्त्व. पहिल्यांदा केलं तेव्हा बायको म्हणाली, "हे मला सांगायचं ना, आपल्याकडे देवाची भांडी चिंचेने घासतात." चिंचेचं पाणीही करून पाहिलं. चकाकल्या! पण धुऊन नीट वाळवायला हवं.

---

वरणगाववाले_काका | रविवार, दुपारी १:४०

सौम्य आम्ल चालतं, थोडा वेळच. मीठ नको. आणि अमोनिया असलेलं पितळ-पॉलिश तर चुकूनसुद्धा नको.

त्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. इंग्रजांच्या काळात भारतातल्या छावण्यांत पावसाळ्यात काडतुसं तबेल्यात ठेवायचे. पावसाळा संपला की पुंगळ्यांना भेगा पडलेल्या. दमट हवा, घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि पितळात कोंडलेला ताण, तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. ऋतूप्रमाणे व्हायचं म्हणून इंग्रजीत त्या रोगाचं नावच "सीझन क्रॅकिंग" पडलं. कारण नीट उलगडलं ते १९२० च्या आसपास. भट्टीत ताण काढून टाकणं हा त्याचा इलाज. आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे हे. जगातल्या सगळ्या काडतूस कारखान्यांत भारतातल्या तबेल्यांची आठवण काढतात, असं आमचे फोरमन म्हणायचे.

---

मीनल_न्यूजर्सी | रविवार, संध्याकाळी ७:२६

सगळे इतके रमून लिहिताहेत की विरजण घालायला बरं वाटत नाही. तरी लिहिते. माझी मुलगी चौथीत आहे. तिच्या शाळेत वर्षातून काही वेळा दिवे बंद करून, दाराला कुलूप लावून, कोपऱ्यात गप्प बसायचा सराव होतो. ती घरी येऊन सांगते की ती रडली नाही, पण शेजारचा मुलगा रडला. या देशात अर्धस्वयंचलित रायफलीबद्दल "म्हातारी, तिचं पचन" असं लाडाने लिहिलेलं वाचून पोटात गोळा येतो. (हो, शब्द मुद्दामच वापरलाय.)

---

लेक_इरीकर | रविवार, रात्री ९:५५

मीनलताई, दोनदा उत्तर लिहून खोडलं. "ही तशी रायफल नाही" असं लिहिणार होतो. आठ गोळ्यांची, साडेनऊ पौंडांची, अंगणातल्या पंपासारखी लांबलचक. खरं आहे, पण ते तुमच्या मुलीला सांगायचं उत्तर नाही.

माझ्या मुलाच्या शाळेतही तोच सराव होतो. रायफल तिजोरीत असते, किल्ली माझ्यापाशी, प्रायमर आणि पावडर वेगवेगळ्या कपाटात. कायदे कडक व्हावेत या बाजूने मी मत देतो, आणि क्लबातल्या निम्म्या लोकांशी त्यावरून माझं पटत नाही. हा छंद सोडावा का, असं तुम्ही विचारलंत तर उत्तर नाही माझ्याकडे. लाडाने लिहिलं हे मान्य. यंत्राबद्दल मला लाडानेच लिहिता येतं, आजोबांच्या राजदूतबद्दलही तसंच लिहीन.

---

मीनल_न्यूजर्सी | रविवार, रात्री १०:२०

पटलं असं नाही म्हणणार. पण टाळलं नाहीत, ते बरं केलंत. काकांचं तबेल्याचं मात्र मुलीला सांगणार आहे, तिला घोडे आवडतात.

---

सोनारआळी_नाशिक | सोमवार, सकाळी ११:०८

सराफी पेढीवरून लिहितोय, गिऱ्हाईक नाही म्हणून. तुम्ही सगळे "ग्रेन, ग्रेन" करताय, हे आमच्या धंद्यातलं जुनं माप आहे हे कुणाच्या लक्षात आलं का? ब्रिटिश सरकारने तोळा ठरवला तो १८० ग्रेनचा. १८० ग्रेनची गोळी म्हणजे बरोब्बर एक तोळा! तोळ्याचे १२ मासे, माशाच्या ८ गुंजा. मग तुमची १५० ग्रेनची गोळी भरली १० मासे, म्हणजे ८० गुंजा. एक गुंज पावणेदोन ग्रेनपेक्षा थोडी जास्त.

शिशाची गोळी असली तरी वजन सोन्याच्या अंगठीचं 😄

तुमचा काटा किती बारीक दाखवतो?

---

लेक_इरीकर | सोमवार, संध्याकाळी ६:४०

वा! हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. म्हणजे नियम असा झाला, की गॅरंडला एका तोळ्याच्या आतलीच गोळी द्यावी.

काटा ग्रेनचा दहावा भाग दाखवतो. म्हणजे तुमच्या हिशेबाने गुंजेचा एकोणिसावा. ४८९५ चे दाणे बारीक कापलेल्या शेवयांसारखे असतात, मापाच्या यंत्रातून पडताना मध्येच अडकतात, कापले जातात, म्हणून मी थोडी कमी टाकून उरलेली चिमटीने काट्यावर पूर्ण करतो. गोल दाण्यांची पावडर खसखशीसारखी सरसर वाहते, तिला एवढं लागत नाही. आणि दिवाळीच्या दारूशी हिचं नातं जोडू नका. ती सोरा, गंधक, कोळसा. ही नायट्रोसेल्युलोजची, बिनधुराची.

---

गेमर_ठाणे | सोमवार, रात्री ११:५१

दादा ती शेवटची "टिंग" खरी असते का? गेममध्ये असते तशी? आणि ती ऐकून शत्रू धावून यायचा म्हणे.

---

लेक_इरीकर | मंगळवार, सकाळी ७:१५

टिंग खरी. आठ काडतुसं एका पोलादी क्लिपमध्ये बसतात आणि क्लिपसकट रायफलीत जातात. आठवी गोळी सुटली की रिकामी क्लिप वर उडते, त्याचा आवाज. शत्रू टिंग ऐकून धावायचा ही मात्र बहुतेक दंतकथा. लढाईत शेजारी बाकीचे दहाजण गोळ्या झाडत असतात, टिंग कुणाला ऐकू येणार? गेममध्ये न दाखवलेली खरी गोष्ट म्हणजे अंगठा. क्लिप आत दाबली की बोल्ट सुटून पुढे धावतो, अंगठा वेळेत काढला नाही तर नख काळंनिळं. त्याला नावच आहे, "गॅरंड थंब". माझं झालंय. आता ऑपरेटिंग रॉडच्या हँडलला तळहाताची कड लावून धरतो.

---

नवा_टेक्सन | मंगळवार, रात्री ८:३३

नमस्कार, डॅलसजवळ राहतो, गेल्या महिन्यात गॅरंड घेतली. धागा वाचून हुरूप आला. मीही वीस काडतुसं भरली, मित्राच्या प्रेसवर. प्रायमर जे दुकानात मिळाले ते घेतले, बेंच-रेस्टवाले (टेबलावर रायफल टेकवून नेम धरणारे) वापरतात ते. नवीन भार तपासायचा म्हणून क्लिप न वापरता एक एक काडतूस थेट चेंबरमध्ये टाकून बोल्ट सोडणार आहे, हे बरोबर ना? शनिवारी जातोय. अजून एक: एक काडतूस आत घालून न उडवता बाहेर काढलं तर प्रायमरवर बारीक खळगा दिसला. रायफल बिघडली आहे का?

---

लेक_इरीकर | मंगळवार, रात्री ८:५०

थांबा. शनिवारी जाऊ नका. रागावतोय असं वाटेल, पण वाचा.

रायफल बिघडलेली नाही. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते, तिला मागे धरून ठेवणारी स्प्रिंग नाही. बोल्ट आपटून बंद झाला की पिन स्वतःच्या वेगाने पुढे सरकून प्रायमरला हलकं टोचते. तो खळगा त्याचाच. प्रत्येक गॅरंडमध्ये दर वेळी होतं.

आता विचार करा. प्रायमर म्हणजे लहानपणीच्या पिस्तुलातल्या टिकलीचा मोठा भाऊ. लष्करी प्रायमर मुद्दाम जाड पत्र्याचा, कमी संवेदनशील. त्या हलक्या टोचणीला तो दाद देत नाही. तुम्ही घेतलेला नाजूक. तो कदाचित दाद देईल. त्यात प्रायमर जर पुंगळीच्या बुडापेक्षा केसभर वर राहिला असेल तर बोल्टच त्याच्यावर आपटेल. चाप न ओढता गोळी सुटते, त्याला "स्लॅम-फायर" म्हणतात. बोल्ट पूर्ण फिरून लॉक झाल्यावर सुटली तर नशीब, नुसती दचकाल. लॉक व्हायच्या आधी सुटली तर बोल्टच्या मागे काहीच नाही, फक्त तुमचा चेहरा.

आणि एक एक टाकून बोल्ट सोडणं हे त्यात भर घालणं. क्लिपमधून काडतूस ओढून न्यावं लागतं तेव्हा बोल्टचा वेग थोडा मरतो. रिकाम्या वाटेने सुटला तर पूर्ण वेगाने आदळतो.

तर: लष्करी संवेदनशीलतेचे प्रायमर घ्या (सीसीआयचा ३४ क्रमांक त्यासाठीच आहे). प्रायमर बुडाच्या पातळीच्या किंचित खाली बसला पाहिजे, प्रत्येकावरून बोट फिरवा. लष्करी पुंगळी असेल तर जुन्या प्रायमरभोवती दाबून बसवलेली कड असते, ती काढल्याशिवाय नवा नीट खाली बसतच नाही. आणि डाय पूर्ण मापाचा, खांदा (पुंगळी मानेकडे निमुळती होते तो भाग) इंचाच्या तीन-चार हजारांश मागे जाईल एवढा. गेजमध्ये (माप तपासायच्या साच्यात) घालून बघा. बोल्ट अडखळत बंद होणं गॅरंडमध्ये नको.

---

नवा_टेक्सन | मंगळवार, रात्री ९:२०

बापरे. नाही जात. खांदा मागे ढकलणं समजलं, पण भीतीने जास्तच ढकलला तर? आणि पुंगळी किती वेळा वापरायची?

---

लेक_इरीकर | मंगळवार, रात्री ११:०५

हाच प्रश्न मी सहा वर्षांपूर्वी विचारायला हवा होता. विचारला नाही, म्हणून सांगतो.

तेव्हा माझ्याकडे लेक सिटीच्या पुंगळ्या होत्या, बुडावर "एलसी" आणि साल. मिझुरीतला लष्करी कारखाना, पितळ उत्तम. उत्तम आहे म्हणून मी त्या सहाव्यांदा भरल्या. वर "सुरक्षित" म्हणून डाय पार खाली घट्ट केलेला, प्रत्येक वेळी खांदा गरजेपेक्षा दुप्पट मागे. मग काय होतं? गोळी सुटताना पुंगळी चेंबरभर पसरते, आतल्या पितळाला पुढे ताणावं लागतं, आणि ते पितळ बुडाच्या जरा वरून येतं. तिथे भिंत पातळ होत जाते. बाहेरून एक चकचकीत कडं दिसायला लागतं. मला दिसलं होतं! वाटलं, धुताना चमकलं असेल.

रेंजवर चौथ्या गोळीला आवाज वेगळा आला, थोडा धूर मागे आला. बूड बाहेर पडलं. फक्त बूड. पुंगळीचा वरचा भाग आत चेंबरमध्येच, आणि पुढचं काडतूस त्याच्यात जाऊन रुतलेलं. मला घाम फुटला. शेजारच्या जागेवर एक आजोबा होते, नव्वदीचे, कोरियाला जाऊन आलेले. त्यांनी काही न बोलता खोक्यातून तुटलेली पुंगळी काढायचं हत्यार काढलं. आधी मला नळी समोर धरायला लावली, रुतलेलं काडतूस मोकळं करवलं, आणि मग दोन मिनिटांत उरलेला पितळी नळा बाहेर. तो माझ्या हातावर ठेवून म्हणाले, सैन्यात पुंगळ्या पुन्हा वापरत नसत, ही आवड तुम्हा हिशेबी लोकांची. बरोबर होतं.

आता मी चारदा वापरतो, पाचव्यांदा भंगारात. प्रत्येक वेळी भरण्याआधी एक कागद अडकवायची पिन सरळ करून, तिचं टोक काटकोनात वाकवून, पुंगळीच्या आतून भिंतीवर फिरवतो. बुडाजवळ खाच लागली की ती पुंगळी पक्कडीने चेपून टाकतो, मोह नको म्हणून.

---

वरणगाववाले_काका | बुधवार, सकाळी ६:०५

चेपून टाकता ते योग्य. नाकारलेला माल आम्हीही तसाच ठेवत नसू. भंगाराच्या ढिगातून परत रांगेत येतो तो.

---

फौजी_मायणी | बुधवार, सकाळी ७:३०

आजोबांना सलाम सांगा. एकच विचारतो, जुनी लष्करी काडतुसं मिळतात का तिथे अजून? भरायचा खटाटोप तरी वाचेल.

---

लेक_इरीकर | बुधवार, संध्याकाळी ७:१२

साहेब, आजोबा आता नाहीत. असते तर सलाम ऐकून हसले असते.

ग्रीसमध्ये बनलेली, बुडावर "एचएक्सपी" असलेली काडतुसं बरीच वर्षं मिळत होती, म्हातारीला पचणारी. ती आता संपत आली, आणि त्यांच्या पुंगळ्याच मी जास्त भरतो. त्याहून जुनी अमेरिकी काडतुसं, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतची, घेतलीच तर एक लक्षात ठेवायचं: बहुतेकांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. उडवल्यावर नळीत मिठासारखा क्षार उरतो, हवेतलं पाणी ओढतो, एका रात्रीत गंज. तेलाने जात नाही, पाण्यानेच धुवावा लागतो. कोकणातल्या दमट हवेत असती तर सकाळपर्यंत नळीची शोभा झाली असती. गॅस सिलिंडरही काढून पुसायचा, लोक तो विसरतात.

युरोपातल्या काही पुंगळ्यांना बुडात मधलं एक भोक नसतं, दोन बारीक भोकं असतात. ती बर्डन पद्धत, साध्या डायमधून प्रायमर निघत नाही, पिन मोडते. आपल्याला लागते ती बॉक्सर, एका भोकाची. गंमत अशी की बर्डन हा अमेरिकन आणि बॉक्सर हा इंग्रज, आणि अमेरिकेत चालते बॉक्सरची पद्धत, युरोपात बर्डनची.

---

नवा_टेक्सन | शुक्रवार, रात्री ९:४७

अहवाल. वीसही काडतुसं टेबलावर उभी केली आणि बुडावर लोखंडी पट्टी आडवी धरली. तीन पट्टीवर डुगडुगली. म्हणजे प्रायमर वर आहेत. हात थोडा थरथरला हे खरं. आता या तिघांचं काय करू? प्रेसमध्ये घालून प्रायमर अजून दाबू का?

---

लेक_इरीकर | शुक्रवार, रात्री ९:५२

नाही!! भरलेल्या काडतुसाचा प्रायमर कधीही दाबायचा नाही. फक्त तीन नाही, वीसही खोला, प्रायमर तसेही चुकीचे आहेत. हातोडीसारखा प्लॅस्टिकचा बुलेट-पुलर मिळतो, त्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटायचं, गोळी आणि पावडर पोकळीत पडतात. डोळ्यांना चष्मा लावा. पावडर परत बरणीत ओतू नका, बागेतल्या मातीत टाका, गवताला चालते. पुंगळ्या प्रायमरसकट वेगळ्या ठेवा, मित्राच्या बोल्ट-अॅक्शनला कामी येतील.

रविवारी दुपारी मी मोकळा आहे, व्हिडिओ कॉल करा. पहिली दहा माझ्यासमोर भरा.

---

नवा_टेक्सन | शुक्रवार, रात्री ९:५८

करतो काका. लाकडी पाट चालेल का आपटायला? आईने दिलाय.

---

भरीत_भाकरी | शुक्रवार, रात्री १०:१०

आईच्या पाटावर नको रे बाबा. दुकानातून ओंडका आण.